गल्लीतला छोटा टॉवर: नागपूरच्या केबल-इंटरनेटवाल्यांनी स्मॉल सेलच्या कामात कसं उतरावं

रामदासपेठेतल्या एका खासगी दवाखान्याच्या तळघरात औषधांचं दुकान आहे. मागच्या हिवाळ्यात माझे सासरे तिथे भरती होते. रात्री साडेदहाला मी इंजेक्शन आणायला खाली गेले, फोनवरून पैसे टाकायला लागले, तर रेंजच्या जागी फुली. काउंटरवरचा मुलगा वर न बघताच म्हणाला, “ताई, रॅम्पवर जाऊन या, तिथं टॉवर येते.” रॅम्पवर आधीच पाच-सहा जण फोन उंच धरून उभे होते. एक म्हातारे गृहस्थ पार गेटपर्यंत गेले, पैसे टाकून खाली आले, तरी दुकानातल्या यंत्रातून पैसे मिळाल्याचा आवाज काही येईना. येणार कसा, त्या यंत्रातलं सिमही त्याच तळघरात बसलेलं.

इंजेक्शन वर पोचवून मी परत खाली आले आणि सिग्नल मोजायच्या ॲपवर आकडे घेतले. हे आकडे उणे असतात, शून्यापासून जितके लांब तितका सिग्नल कमजोर. गेटवर उणे ८४ डीबीएम, रॅम्पच्या मध्यावर उणे १०१, काउंटरवर उणे ११८. आणि त्याच गेटबाहेरच्या खांबावरून आमची बारा कोअरची, म्हणजे बारा काचतंतूंची, फायबर जाते.

आमचा धंदा नंदनवनातला. सासऱ्यांनी १९९४ मध्ये केबल टीव्ही सुरू केला, आता मी आणि माझे यजमान इंटरनेट चालवतो. २०१३ मध्ये नागपुरात सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी शेवटच्या महिन्यापर्यंत वाट पाहिली आणि अर्धी गिऱ्हाईकं गमावली. स्मॉल सेलच्या बाबतीत तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून गेल्या दीड वर्षात जे शिकले ते इथे मांडते.

हा डबा नेमका काय आहे

स्मॉल सेल म्हणजे मोबाइल कंपनीचाच टॉवर, फक्त वहीएवढ्या किंवा फार तर शेगडीएवढ्या डब्यात मावणारा. मोठ्या टॉवरचा एक सेक्टर, म्हणजे एका दिशेचा भाग, वीस-चाळीस वॅट किंवा जास्त ताकदीने बोलतो. इमारतीच्या आत लावायचा छोटा डबा पाव वॅटच्या आतबाहेर बोलतो आणि एखादा मजला सांभाळतो. खांबावरचा डबा काही वॅटचा, दोनेकशे मीटरचा रस्ता सांभाळणारा.

याची गरज आत्ताच का पडली? ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५जी आलं, एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत नागपूर होतं. पण ५जीचा मोठा भार ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे. ९०० ची लाट भिंतीतून घरात शिरते, ३३०० ची भिंतीशीच दमते. त्यात वर्धा रोडवरच्या नव्या इमारतींना काचा आणि पत्र्याचं आवरण, इतवारी-महालात जुन्या जाड भिंती आणि हातभर गल्ल्या. तिथे नवा टॉवर उभा करायला जागा नाही, आणि जागा मिळाली तरी शेजारी होऊ देत नाहीत. मग उरतो तो छोटा डबा. तो चालायला तीन गोष्टी लागतात: दारापर्यंत फायबर, न जाणारी वीज, आणि बिघाड झाल्यावर अर्ध्या तासात पोचणारा माणूस. या तिन्ही आपल्याकडे आहेत, मोबाइल कंपनीकडे प्रत्येक गल्लीत त्या असतातच असं नाही.

आधी काय करायचं नाही ते

स्पेक्ट्रम मोबाइल कंपनीचा. त्या पट्ट्यावर लाट सोडायचा अधिकार तिचाच. आपण डबा विकत आणून स्वतः चालू करायचा नसतो, तो कंपनीचा असतो आणि तिच्याच नेटवर्कला जोडलेला असतो. आपला धंदा त्या डब्याच्या मागचा आणि खालचा.

आणि कृपा करून सिग्नल वाढवणारा बूस्टर लावून देऊ नका. सीताबर्डीत एका दुकानदाराने मला विचारलं होतं, “ताई, ऑनलाइन सात हजारात बूस्टर मिळते, तुमचा पोट्टा लावून देईल का?” मी नाही म्हटलं. विनापरवाना रिपीटर, म्हणजे हाच बूस्टर, विकणं, बाळगणं, लावणं बेकायदेशीर आहे. शिवाय तो एका दुकानाची रेंज वाढवतो आणि आजूबाजूच्या टॉवरच्या कानात सतत किंचाळत राहतो, त्यामुळे अख्ख्या चौकाचे कॉल तुटतात. तपासणी पथक आलं की डबा जप्त होतो आणि लावणाऱ्याचं नाव विचारलं जातं. दुकानदाराची अडचण खरी असते, तिला कायदेशीर उत्तर आहे: चांगला वाय-फाय आणि फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग (टॉवरऐवजी वाय-फायवरून फोन) चालू करून देणं. त्याच्याकडे पुढे येते.

कागद

आपल्यातले बहुतेक जण मोठ्या आयएसपीचे, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे, फ्रँचायझी आहेत. घरोघरी इंटरनेट द्यायला ते पुरतं. पण मोबाइल कंपनीला डार्क फायबर (आपलं यंत्र न जोडलेली कोरी फायबर), डक्ट (केबलची नळी), खांब किंवा गच्चीवरची जागा भाड्याने द्यायची, तर दूरसंचार विभागाची आयपी-१ नोंदणी लागते. ती कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीलाच मिळते, प्रोप्रायटरशिपला नाही. आणि आयपी-१ वाला पायाभूत सोय भाड्याने देतो, बँडविड्थ विकत नाही. बँडविड्थसाठी आयएसपीचं लायसन्स वेगळं. हा फरक बोलणीच्या पहिल्या दिवशी माहीत असेल तर समोरचा आपल्याला गांभीर्याने घेतो.

एकट्याने कंपनी काढणं जड जात असेल तर पाच-सहा जणांनी मिळून काढा. माझा यावर फार विश्वास आहे. मोबाइल कंपनीच्या प्लॅनिंगवाल्याला नंदनवनात एक, सक्करदऱ्यात दुसरा, मानेवाड्यात तिसरा अशी माणसं नको असतात. त्याला एक सही आणि सलग फायबर हवी असते. प्रत्येकाने आपापलं क्षेत्र सांभाळावं, फायबरचा नकाशा एकत्र करावा, करार एकाच नावाने करावा. आम्ही चौघं एकत्र आलो. पहिले तीन महिने कुणाची फायबर कुठून जाते हे कागदावर आणण्यातच गेले, कारण सगळा नकाशा लाइनमनच्या डोक्यात होता.

वहीपासून सुरुवात करा

महागडं मशीन लागत नाही. दोन साधे अँड्रॉइड फोन, वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं आणि एक वही. ॲपमध्ये आरएसआरपी नावाचा आकडा बघायचा, तीच सिग्नलची ताकद. उणे ९० पेक्षा वर म्हणजे उत्तम. उणे १०० ते ११० म्हणजे फोन लागतो पण व्हिडिओ अडखळतो. उणे ११५ च्या खाली कॉल तुटतात. त्याच्या शेजारी एसआयएनआर असतो, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, तो शून्याच्या खाली गेला की रेंजच्या काड्या भरलेल्या दिसूनही काही चालत नाही. सीताबर्डीच्या मेन रोडवर दिवाळीच्या आठवड्यात नेमकं हेच होतं: सिग्नल उणे ८०, आणि नकाशा उघडत नाही. तिथे दुखणं रेंजचं नाही, गर्दीचं आहे. वहीत या दोन प्रकारच्या जागा वेगळ्या लिहा, कारण दोन्हींचा इलाज वेगळा.

एकाच जागी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सातनंतर मोजा. तारीख, वेळ, मजला, कंपनी आणि आकडा लिहा. सोबत एक ओळ लिहा की तिथे माणसं काय करतात. “तळघर, औषधं, रात्रीही गर्दी, पैसे फोनवरून” ही ओळ आकड्याइतकीच कामाची ठरते. माझ्या वहीत आज बासष्ट जागा आहेत. त्यांतल्या सगळ्यात चांगल्या म्हणजे दवाखाने, मंगल कार्यालयं, कोचिंग क्लासच्या इमारती, आणि कळमन्याच्या बाजारासारख्या जागा, जिथे पहाटे चारला व्यवहार फोनवर होतात. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत शेडचा पत्रा सिग्नल अडवतो, पण तिथलं काम मोठं असतं, पहिलं म्हणून घेऊ नका.

ही वही घेऊन कस्टमर केअरला फोन करून उपयोग नाही. सर्कलच्या (कंपनीच्या विभागीय कार्यालयाच्या) नेटवर्क प्लॅनिंगपर्यंत किंवा त्यांच्यासाठी इमारतींच्या आतलं काम करणाऱ्या व्हेंडरपर्यंत पोचायचं. टॉवर दुरुस्तीला येणारा इंजिनिअर चौकात भेटतोच, त्यालाच विचारा. मी वहीची चार पानं आणि फायबरचा नकाशा दाखवला, तेव्हा समोरच्याने खुर्ची पुढे ओढली.

फायबर: इथे चूक परवडत नाही

घरच्या इंटरनेटची जीपॉनची लाइन आपण स्प्लिटरने बत्तीस घरांत वाटतो. एकावर बत्तीसच्या स्प्लिटरमध्ये साडेसतरा डीबीच्या आसपास प्रकाश खर्च होतो, आणि बी-प्लस वर्गाच्या ओएलटीकडे (आपल्या ऑफिसातल्या मुख्य यंत्राकडे) अठ्ठावीस डीबीचंच भांडवल असतं. घरासाठी हे चालतं. स्मॉल सेल मात्र त्या स्प्लिटरवर टाकू नका. त्याला ऑफिसपासून डब्यापर्यंत स्वतंत्र कोअर द्या, आणि एक कोअर राखीव ठेवा.

दुसरी गोष्ट वेळेची. ५जीमध्ये जाणारी आणि येणारी लाट एकाच पट्ट्यावर आलटून पालटून चालते, म्हणून सगळ्या डब्यांची घड्याळं दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली लागतात. गच्चीवर जीपीएसचा अँटेना आकाश बघून वेळ घेतो. तळघरात आकाश कुठलं? तिथे वेळही फायबरमधूनच पाठवावी लागते, आणि त्यासाठी वाटेतल्या प्रत्येक स्विचला पीटीपी, म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ पोचवायची पद्धत, समजावं लागतं. आम्ही आधी स्वस्त स्विच घेतले, ते परत बदलावे लागले. खरेदीआधी हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

काही कंपन्या रेडिओ डबा इथे आणि त्याचा मेंदू दुसरीकडे ठेवतात. त्यांना मधला वेळ मायक्रोसेकंदांत मोजावा लागतो, म्हणून त्या बँडविड्थ मागत नाहीत, सरळ डार्क फायबर मागतात. अशी मागणी आली तर आनंदाने द्या. त्यात आपलं कुठलंच यंत्र वाटेत नाही, म्हणजे बिघडायलाही काही नाही.

नवीन लाइन टाकताना सहा कोअरच्या जागी चोवीस टाका. मजुरी, परवानगी, खांब चढणं सगळं तेवढंच, फरक फक्त केबलच्या किमतीचा. ओटीडीआर म्हणजे फायबरमध्ये प्रकाश कुठे किती गळतो ते दाखवणारं यंत्र, त्याचा प्रत्येक जॉइंटचा आलेख जपून ठेवा. वाद झाला की तोच साक्षीदार.

वीज आणि नागपूरचा उन्हाळा

डबा आणि स्विच मिळून शंभर वॅट धरा. महिन्याला बहात्तर युनिट. वेगळा सब-मीटर बसवा, नाहीतर सोसायटीशी दर महिन्याला वाद. चार तासांच्या बॅकअपला चारशे वॅट-तास लागतात, म्हणजे ४८ व्होल्टची दहा अँपिअर-अवरची बॅटरी जेमतेम पुरते. मी वीसची लावते, कारण मे महिन्यात बॅटरी सांगितलेलं आयुष्य देत नाही. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. लिथियम फॉस्फेट घ्या, महाग वाटली तरी.

मे महिन्यातच आमचं पहिलं कॅबिनेट बंद पडलं. गच्चीवर पश्चिमेच्या भिंतीला लावलं होतं. दुपारी तीनला यजमान वर गेले तेव्हा पत्र्याला हात लावला आणि लगेच काढला, बोटांवर लाल चट्टा उठला. दार उघडल्यावर आतून भट्टीसारखी वाफ आली, स्विचचे सगळे दिवे विझलेले. बाहेर शेहेचाळीस अंश, आत थर्मामीटर एकोणसत्तर दाखवत होता. आता आम्ही कॅबिनेट पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला, सावलीत लावतो. वर दुसरा पांढरा पत्रा, मध्ये चार बोटं हवा खेळायला जागा, आणि खालून जाळीचं भोक. एवढ्यानेच पुढच्या मे महिन्यात आतला आकडा अठ्ठावन्नच्या पुढे गेला नाही. यंत्र घेताना साठ नव्हे, पासष्ट अंशांपर्यंत चालणारं मागा.

खालच्या बाजूचा धोका पाण्याचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते कुणी विसरलेलं नाही. पार्किंगमध्ये जमिनीलगत ठेवलेली आमची दोन यंत्रं त्या रात्री गेली. तेव्हापासून तळमजल्यावर काहीही छातीच्या उंचीखाली नाही.

गच्ची, खांब आणि मारबत

सरकारी वाट २०२२ पासून सोपी झाली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राइट ऑफ वेच्या (केबल-टॉवरसाठी जागा वापरायच्या हक्काच्या) नियमांत दुरुस्ती होऊन दिव्याच्या खांबांसारख्या जागांवर स्मॉल सेल लावायला शहरात वर्षाला ३०० आणि ग्रामीण भागात १५० रुपये असा दर आला. आता दूरसंचार कायदा २०२३ खालचे नवे राइट ऑफ वे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. कायद्यात अधिकृत कंपनीच्या वतीने काम करणारा ठेकेदार किंवा एजंटही धरला आहे, म्हणजे मोबाइल कंपनीचं अधिकारपत्र हातात असेल तर अर्जामागे आपण धावू शकतो. हेही विकण्यासारखं काम आहे. पण आधी खांब कुणाचा ते बघा. दिव्याचा खांब मनपाचा असेल, विजेचा महावितरणचा, मेट्रोखालची जागा महामेट्रोची. एकाच रस्त्यावर तिघं भेटतात. प्रत्येक खांबाचा फोटो आणि क्रमांक वहीत घ्या.

खासगी गच्चीसाठी मालकाशी करार करायचा. सोसायटी असेल तर सेक्रेटरीच्या तोंडी होकारावर काम सुरू करू नका, ठराव घ्या. सभेत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, “आमचा घरटॅक्स वाढेल का?” कायद्याचं कलम १४ दाखवा: इमारतीवर बसवलेलं दूरसंचार नेटवर्क त्या मालमत्तेपासून वेगळं धरलं जातं, मालमत्ता कराच्या दृष्टीनेही. दुसरा प्रश्न रेडिएशनचा. याला कधीही उडवून लावू नका, विचारणारी आई असते किंवा आजारी माणूस. मी शांतपणे सांगते की तुमचा फोनच जास्तीत जास्त पाव वॅटच्या आसपास बोलतो, आतला डबाही तेवढाच, आणि टॉवर जितका जवळ तितका तुमच्या कानाशी असलेला फोन हळू बोलतो. भारताने २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शाची मर्यादा घातली होती, हेही सांगते. तरंग संचार पोर्टलवर जवळचे टॉवर कसे बघायचे ते तिथेच फोनवर दाखवते. सभा संपेपर्यंत थांबते.

महाल-इतवारीत काम करणार असाल तर एक गोष्ट बाहेरचा ठेकेदार कधीच लक्षात ठेवणार नाही. तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, आणि मिरवणुकीच्या वाटेवर आडवी लोंबणारी प्रत्येक वायर काठीने वर ढकलली जाते किंवा तुटते. त्या गल्ल्यांत आडवी ओढ घेऊच नका, घेतली तर दुसऱ्या मजल्याच्या वर. संक्रांतीला मांज्यात अडकलेला पतंग ओढताना पोरं घरात जाणारी ड्रॉप वायरही ओढतात, त्या आठवड्यात एक जास्तीचा माणूस आणि फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन चार्ज करून तयार ठेवा.

पैसे

करारात ९९.९ टक्के चालू ठेवण्याची अट येते. वाचायला सोपी, पण महिन्यात फक्त त्रेचाळीस मिनिटं बंद राहायची मुभा. ९९.५ म्हणजे तीन तास छत्तीस मिनिटं. दोन वाटांनी फायबर पोचत नसेल तर पहिल्या आकड्यावर सही करू नका. आमच्या पहिल्या करारात रस्ता खोदताना दुसऱ्याच ठेकेदाराने फायबर तोडली तरी दंड आमच्याच माथी होता, आणि आमची बिलं मात्र पाच-पाच महिने अडकायची. दुसऱ्या करारात आम्ही तीन ओळी घालून घेतल्या: तिसऱ्याने केलेलं नुकसान मिनिटांत धरायचं नाही, मुख्य वीज चार तासांपेक्षा जास्त गेली तर धरायची नाही, आणि बिल पंचेचाळीस दिवसांत. समोरच्याने दोन फोननंतर मान्य केलं.

भाडं तीन तुकड्यांत मागा: फायबरचं, जागा-विजेचं आणि देखभालीचं. एकत्र रक्कम सांगितली की पुढच्या वर्षी तीच कापली जाते.

मोबाइल कंपनीचा होकार यायला महिने लागतात. तोवर हात बांधून बसू नका. त्याच जागी पीएम-वाणीचा, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक वाय-फाय योजनेतला, वाय-फाय सुरू करा. पीडीओला (जागेवर वाय-फाय देणाऱ्याला) लायसन्स लागत नाही, नोंदणी लागत नाही, एखाद्या पीडीओएशी (अशा अनेक पीडीओंना एकत्र सांभाळणाऱ्या कंपनीशी) जोडून घ्यायचं. इमारतीतली फायबर, वीज, कॅबिनेट त्यातच उभं राहतं आणि नंतर स्मॉल सेलला तेच कामी येतं. रामदासपेठेच्या त्या तळघरात आम्ही असंच केलं. दवाखान्याच्या व्यवस्थापकांना वहीचं पान दाखवलं, आठ दिवसांत दोन ॲक्सेस पॉइंट लागले, काउंटरवर वाय-फाय कॉलिंग कसं चालू करायचं याची मराठी-हिंदी पाटी लावली. डबा यायला साडेचार महिने लागले, आणि तो एकाच कंपनीचा आहे. बाकी कंपन्यांची सिमं अजून वाय-फायवरच चालतात, दुसऱ्या कंपनीशी बोलणी सुरू आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिथे जाऊन त्याच तीन जागी मोजते. गेट उणे ८४, रॅम्प उणे ९२, काउंटर उणे ७८.